हळद १२ आणि दीपकचा बारा नंबर

शेजारच्या वेदिकाच्या लग्नातले सव्वीस चांगले फोटो माझ्यामुळे गेले. मी कशाला हातसुद्धा लावला नव्हता, नुसती एक यादी करून दिली होती.

लग्न दोन हजार चारचं, निफाडचं. फोटोग्राफर नाशिकचा दीपक. हा माणूस शब्द जपून वापरतो. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘फोटो’. लग्नात ‘हसा’ म्हणत नाही, हसू येईपर्यंत थांबतो. कॉम्प्युटरवर त्याच्या फोटोंची नावंही १, २, ३, एवढीच. मीही शेजारधर्म म्हणून कॅमेरा मिरवला होता आणि माझ्या फोटोंना ‘हळद ७’, ‘हळद १२’ अशी ऐसपैस नावं दिली होती. मधे जागा सोडून, शाळेत शिकवलं तशी.

सगळे फोटो एकत्र ठेवले. माझे सव्वीस हललेले निघाले. त्यांची यादी दिल्यावर दीपकने लिनक्सवर चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: यादीतलं एकेक नाव घे, तो फोटो पूस. तिने मधली मोकळी जागा पाहिली आणि एका नावाची दोन केली. ‘हळद’ नावाचं काही सापडलं नाही. ‘१२’ सापडला. तो दीपकचा होता.

बारा नंबरात वेदिकाचे वडील लहानू आणि देवळ्याचे मामा भिमाजी खांद्याला खांदा लावून उभे होते. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. जाताना मामा ‘फोटो पाठवा, घरात लावतो’ म्हणाले होते. लहानू रोज त्या एकाच फोटोसाठी फोन करायचा.

दीपकने कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं. त्यावर दुसरं लग्न केव्हाच चढलं होतं. माझे सव्वीस हललेले फोटो मात्र सुखरूप. तो बराच वेळ कपाळ चोळत बसला. मग स्क्रिप्टला अख्खी ओळ एकच नाव धरायला लावली आणि ते सव्वीस पुसले. बटण जरा जोरातच दाबलं.

लहानूला फोन करून त्याने ‘चूक माझी’ एवढंच सांगितलं. माझं नाव काढलं नाही. मग लहानू म्हणाला, रविवारी मीच देवळ्याला जातो, तू कॅमेरा घेऊन ये.

मला राहवेना. दीपकला म्हटलं, “मीपण येतो. माझाही कॅमेरा घेतो, एक जादा असलेला बरा.”

“काका, तुम्ही या, कॅमेरा घरी ठेवा.”