नदीत टाकलेला बोल्ट

आयडाहोतल्या सॅमन गावात वर्लन टकेटने चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेजमधलं टेबल मोकळं केलं, त्यावर लोखंडी शिकंजा बसवला आणि मुलाला म्हणाला, "रीस, तुझ्यासाठी रायफल जोडू या. हरणांच्या मोसमाआधी व्हायला पाहिजे."

रीस युद्धावरून परतून आठ महिने झाले होते. घरात असून नसल्यासारखा वावरायचा. पण टपालाने सुटे भाग येऊ लागले, तसा तोही गॅरेजमध्ये येऊन बसू लागला. नळी आली, चाप आला, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आला. दस्ता तो तासन् तास घासत बसे.

"डॅड, कानस हळू चालव. हा ट्रॅक्टर नाही," एकदा तो म्हणाला. जोलीनला, त्याच्या आईला, हे स्वयंपाकघरात ऐकू आलं आणि तिने डोळे पुसले.

सगळ्यात शेवटी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सरकवणारा लोखंडी दांडा, आला. तो बसवला की रायफल पुरी; त्याच्याशिवाय ती उडायची नाही. त्याच आठवड्यात रीसने आपला कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकला. शिकारीचे नवे बूटही चुलतभावाला दिले. "मला कशाला लागतायत आता?" एवढंच म्हणाला.

पोरगा निरवानिरव करतोय, हे वर्लनच्या ध्यानात आलं. भर दुपारी तो पुलावर गेला आणि खिशातला बोल्ट नदीत फेकून दिला.

"बोल्ट कुठाय?" संध्याकाळी रीसने विचारलं.

"नदीत."

"म्हणजे मी वेडा झालोय, असंच ना?"

"कुत्रा का दिलास, ते सांग आधी."

रीस आत गेला. पिशवी भरली आणि गाडी काढून निघून गेला. आठ दिवस त्याचा पत्ता नव्हता. त्या आठ दिवसांत वर्लन फोनपासून हलला नाही. मग अलास्काहून रीसचा जोलीनला फोन आला. तो मासेमारीच्या बोटीवर लागला होता.

पुढे दर रविवारी फोन यायचा. "जेवतोय नीट. डॉक्टरकडेही जातोय," जोलीन सांगायची. वर्लनने फोन हातात घेतला की पलीकडून कट व्हायचा.

अशी अकरा वर्षं गेली. जोलीन कॅन्सरने गेली, तेव्हा रीस दफनाला आला. दाढी आणि केस पिकले होते. चर्चच्या हॉलमध्ये सगळे हॅम आणि बटाटे खात असताना तो बापाजवळ आला.

"डॅड, त्या वेळी..." म्हणाला आणि थांबला.

वर्लनने हातातली ताटली बाजूला ठेवली.

"रस्ता लांबचा आहे. निघतो मी."

"सावकाश चालव."

गाडी वळणाआड गेली. वर्लनची बहीण मर्ना वैतागून म्हणाली, "अकरा वर्षांनी पोरगा आला आणि एवढंच बोललास?"

"केस पांढरे झालेत त्याचे," वर्लन म्हणाला. "पाहिलेस ना?" आणि चर्चच्या पायरीवर बसून, लोकांसमोरच, तो हुंदके देऊ लागला.