टाकीतली पांढरी पावडर

मंडळी, ओठ फुटलाय, तरी लिहितोय.

दुष्काळात आमच्या गावाला सहकारी पाणी संस्थेच्या फिल्टरचाच आधार; तो चालवतो मी. फिल्टरच्या पाण्यात खनिजं उरत न्हाईत, म्हणून आठवडाभर मी टाकीत कॅल्शियमची पावडर टाकतोय. संस्थेनं ठरवलं, पण गावाला सांगितलं न्हाई.

आज सकाळी पाण्याच्या रांगेतल्या बायांनी ते बघितलं. दोघा गड्यांनी मला टाकीवरून खाली ओढलं. मेंढरं राखणाऱ्या धोंडिबामामांनी गचांडी धरून थोबाडीत दिली.

"हाडांसाठी चांगली हाय, मामा," मी म्हणलो.

"मेंढीला औषध पाजताना तिचं तोंड धरावं लागतं, तिला कळतं तरी. आमाला तुमी तेवढंबी कळू दिलं न्हाई."

उद्या पावडरचं पोतं चावडीवर उघडं ठेवून गावाला विचारणार हाय, टाकू का नको. निम्मं गाव नको म्हणलं तर काय करू? टाकी एकच हाय.