श्यामरावांचं मैदान

श्यामराव फोर्ट विल्यममधून लष्करी हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी न जाता डमडमलाच राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. संध्याकाळ झाली की आसपासच्या मराठी बिऱ्हाडांतली पोरं मैदानावर गोळा करायची आणि लंगडी, खो-खो, काय हवं ते खेळू द्यायचं. एकाहत्तर साल होतं, शहरात नक्षलवाद्यांचे बॉम्ब फुटायचे. आया पोरांना श्यामरावांच्या भरवशावरच बाहेर सोडत. ते बाजूला बसून विड्या ओढत. तेवढंच करत राहिले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी शकुन आली. तेरा वर्षांची. वडील बँकेत, ही त्यांची चौथी बदली. नव्या शाळेत बंगाली येईना म्हणून मुली तिची टर उडवत. पोर रोज सुजलेल्या डोळ्यांनी मैदानावर यायची आणि दहा मिनिटांत खदखदून हसत पळत सुटायची. तिची आई, पुष्पाबाई, म्हणायची, "घरी येते ती वेगळीच होऊन. जेवते, वह्या काढते, सकाळी पुन्हा त्याच शाळेत जाते."

पण श्यामरावांची दृष्ट लागली. हे पाय साधे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि पलटणीच्या शर्यतींत कायम दुसरा येणारा त्यांच्यातला माणूस जागा झाला. शिट्टी आली, घड्याळ आलं. शकुनला खेळातून काढून ते एकटीला पळवू लागले. ती सवयीनं हसली की ओरडत, "दात काढू नकोस, दम जातो!" शकुननं हसणं सोडलं. शाळांच्या स्पर्धेत दोन वर्षं पहिली आली. तिसऱ्या वर्षी चौथी आली, तेव्हा या शहाण्या माणसानं तिच्याशी आठवडाभर अबोला धरला.

शकुन मैदानावर यायची थांबली. सहामाहीत दोन विषय गेले. पूर्वी असलं दुःख संध्याकाळपर्यंत धुऊन निघायचं. आता ते साठत गेलं. तिनं शाळा टाकली, बोलणं टाकलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. डॉक्टरांनी टॉनिक दिलं.

शेवटी पुष्पाबाईंनी श्यामरावांना बोलावणं धाडलं. "तुम्ही हिला पळायला शिकवलंत, असं सगळे म्हणतात," त्या म्हणाल्या. "पळत तर ती आधीपासूनच होती हो."

श्यामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाटेशी उकिडवे बसले. "चल बाळ. नुसतं खेळायला. घड्याळ नाही, काही नाही."

शकुन मुकाट्यानं उठली. बूट चढवले, नाड्या करकचून बांधल्या आणि मैदानावर जाऊन थेट शर्यतीच्या रेघेवर उभी राहिली. खेळणारी पोरं हाका मारत होती; तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"किती फेऱ्या, काका?"

"तुला हव्या तितक्या."

ती तशीच उभी राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आकडा सांगा ना."

श्यामरावांनी खूप वाट पाहिली. ती जागची हलेना. अखेर त्यांच्या तोंडून निघालं, "चार."

आणि ती पळू लागली.