तिसऱ्या घरातला चिमटा

परभणीच्या फलाटावर मी गिटार घेऊन उभी होते आणि अर्धा फलाट माझ्याकडे बघत होता. दोघांनी जवळ येऊन विचारलं, "मुलाची का?" तिसऱ्याने थेट "नातवाची का?" असं विचारलं. "माझी," असं मी तिघांनाही सांगितलं, तिसऱ्याला जरा जोरात. एकसष्टाव्या वर्षी बाईने वाती वळाव्यात, सहा तारांची भानगड पाठीला लावून नाशिकला जाऊ नये, असं लोकांना वाटतं. वाटो बापडं. आपल्या वाचनमंडळातल्या चार-पाच जणींनी मात्र "आम्हालाही शिकायचंय, काय काय लागतं ते लिही" असं मला बजावलं होतं. म्हणून हे प्रवासवर्णन, आणि त्यात जमेल तिथे शिकवणी.

नाशिकला माझी थोरली बहीण असते, सुमनताई. तिथल्या भजनी मंडळात काळी पाचमध्ये (पेटीवरची उंच पट्टी) गाणारी म्हणून तिचा केवढा तोरा होता! दोन वर्षांपूर्वी तिच्या थायरॉईडचं ऑपरेशन झालं. तब्येत ठणठणीत झाली, पण आवाज खाली आला आणि थोडा खरखरीत झाला. त्या दिवसापासून ताईने गाणं बंद केलं, मंडळ सोडलं, पेटी देऊन टाकली. कुणाच्या घरी पेटी दिसली तरी उठून जाते, असं भाऊजी फोनवर सांगायचे. मला तिला पुन्हा गाताना ऐकायचं होतं. पेटी नको तर नको, गिटारवर रुसायचं तिला काहीच कारण नव्हतं.

तेवढ्यात शेजारची केतकी नोकरीसाठी बंगळूरला निघाली आणि जाताना तिची जुनी गिटार मला देऊन गेली. मला एकच गाणं शिकायचं होतं. शाळेच्या सहलीत आमची लाल गाडी घाटात बंद पडली, तेव्हा ताईने आणि मी ते रचलं होतं:

घाटात रुसली लाल गाडी, कोणी समजूत काढावी?
दशमी द्यावी, चटणी द्यावी, मांडीवरती थोपटावी!

ताईच्या लग्नातल्या कॅसेटवर हे गाणं सापडलं. केतकीने ते ऐकलं, गिटारच्या मानेवर तिसऱ्या घरात (धातूच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत) एक चिमटा लावला, मला तीन कॉर्ड (एकदम छेडायच्या सुरांच्या जुळण्या) दाखवले आणि म्हणाली, "काकू, हा कॅपो. हा इथेच राहू द्या, म्हणजे ताईंचा सूर बरोबर लागेल." आठ महिने मी तो हुकूम तंतोतंत पाळला. चिमटा पुसायची, पण काढायची नाही.

आता पहिला धडा. मी सुरुवातीला भजनाला बसतात तशी सतरंजीवर मांडी घालून गिटार घेतली. ती घसरत मांडीवरून खाली जायची आणि मी तिच्यामागे. पंधरा दिवसांत पाठ धरली. बायांनो, बिनहातांची खुर्ची घ्या. डाव्या हाताची नखं अगदी मुळापासून कापा आणि उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा, नाहीतर गाण्यापेक्षा त्याच जास्त वाजतात.

आमची गाडी मनमाडपर्यंतच होती. नगरसूलला येवल्याचे एक विणकर चढले आणि माझ्यासमोर बसले. लेकीकडे मनमाडला निघाले होते. पैठणी विणण्यात चाळीस वर्षं गेलेली, बोटं लांब आणि बोलणं कमी. बराच वेळ गिटारच्या पिशवीकडे बघून झाल्यावर म्हणाले, "ताई, वाजवा की जरा. मनमाड येईस्तवर दुसरं काम काय हाय?"

मी वाजवलं. दोन कॉर्ड बरे लागले, तिसरा खडखडला. मी बोट झटकलं.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"आठ महिने झाले, अजून दुखतंय."

"जोर लय लावताय तुम्ही. बोट बघू." माझ्या बोटांवरचे वळ बघून त्यांनी मान हलवली. "जोरानं काय व्हत नाय. धागा बी जोरानं बसत नाय, जागेवर धरला की बसतो. ही पट्टी हाय ना, तिच्या अगदी अंगाला बोट ठेवा. मधोमध नाय."

मी बोट सरकवून पट्टीला खेटून ठेवलं आणि अर्ध्या जोराने दाबलं. कॉर्ड स्वच्छ वाजला. आठ महिन्यांत मोबाईलवरचे कितीतरी व्हिडिओ बघितले होते, पण हे नगरसूल आणि मनमाडच्या मध्ये एका विणकराकडून शिकायचं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना डब्यातले सगळे धपाटे देऊन टाकले.

मनमाडहून एस.टी. पकडली. कंडक्टरने गिटारकडे बघून "ह्यांचं अर्धं की पूर्ण?" असं विचारलं आणि स्वतःच हसला. चांदवडचे डोंगर मागे पडले, कांद्याचे ट्रॅक्टर मागे पडले आणि पिंपळगावच्या आसपास दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. माघातली थंडी होती. खिडकी बंद करवत नव्हती आणि उघडी ठेववत नव्हती.

ताईने दार उघडलं, मला मिठी मारली आणि गिटार बघून म्हणाली, "हे काय नवीन थेर?" मग मानेवरचा चिमटा जागच्या जागीच दोनदा दाबून बघितला. "हा बरा आहे गं. दोरीवरचे माझे सगळे तुटलेत." आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाक मारली, "अहो, चहा टाका, शैला आली!" सासरेबुवांच्या काळातले नियम त्या घरात फार पूर्वीच उलटे झाले आहेत.

संध्याकाळी आम्ही तिघं गंगेवर गेलो. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) घाटावर भाजीवाल्या होत्या, भेळ होती, पाण्यात पाय सोडून बसलेली माणसं होती. पायऱ्यांवर बायकांचं एक भजन चाललं होतं. ताईने तिकडे बघितलं नाही. चपला हातात घेतल्या आणि इतक्या भराभर पुढे गेली की भाऊजी आणि मी मागे राहिलो. "तिचंच मंडळ," भाऊजी हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धीर करून गच्चीवर गिटार काढली. कपडे वाळत होते, ऊन छान होतं. मी लाल गाडी सुरू केली. ताई कपडे पिळता पिळता थांबली, तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि ती गायला लागली! "घाटात रुसली" इथवर आली. "लाल गाडी" वर चढायचं, तिथे तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं. तिने उरलेला टॉवेल पिळला, बादली उचलली आणि म्हणाली, "माझ्याच्यानं व्हायचं नाही, शैले. वाजवू नकोस ते आता." आणि खाली निघून गेली. मी तिथेच बसून रडले. आठ महिने बोटं सोलून काढली ती तिला पुन्हा एकदा हरलेलं बघायला का, असं वाटलं.

भाऊजींचा सगळ्या दुःखांवर एकच इलाज, मिसळ. तेव्हा त्यांनी मला गिटारसकट स्कूटरवर घालून शहराबाहेर एका मळ्यातल्या मिसळवाल्याकडे नेलं. झाडाखाली टेबलं, मटकी, वर शेव, बाजूला पापड, दही आणि वाटीभर तर्री (वरचा लाल तिखट रस्सा). "मेहुणीबाई, रडायचंच असेल तर तर्रीने रडा, कुणी विचारणार नाही," ते म्हणाले. मी खरंच दोन वाट्या तर्री घेतली. मग खुळ्यासारखी गिटार पिशवीतून काढून तारांना हात लावला. तारा लाल आणि बोटं बुळबुळीत. दुसरा धडा हाच. मिसळीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तारांना शिवू नका, आणि वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा.

त्या लाल तारांमुळेच आम्ही मेन रोडजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मालकीणबाई तंबोऱ्याला तार लावत होत्या. मी त्यांना तारा बदलायला सांगितल्या आणि म्हटलं, "आणि हा चिमटा आहे ना, ह्याच्याहून चांगला एखादा द्या. माझ्या बहिणीचा आवाज उतरलाय. गाणं खाली आणायचंय."

"खाली?" त्यांनी गिटार हातात घेतली. "काकू, चिमटा जेवढा पुढे सरकवाल तेवढा सूर वर जातो. खाली आणायला चिमटा लागत नाही."

"मग काय लागतं?"

त्यांनी दोन बोटांनी चिमटा दाबला, काढला आणि माझ्या हातात ठेवला. "हे."

मी बघतच राहिले. मानेवर तिसऱ्या घरापाशी आठ महिन्यांचा डाग पडला होता. भाऊजी दुकानाच्या दारात उभे राहून इतके हसले की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. मलाही हसू आवरेना. घरचं दार आतून लावून आठ महिने बाहेर कसं जायचं ते शोधत होते मी!

"कोणत्या सुरात गायच्या त्या?" बाईंनी विचारलं.

"काळी पाच."

"मग तेच कॉर्ड चिमट्याशिवाय वाजवले की पांढरी पाच. तीन घरं खाली. पण नुसता हिशेब करू नका. त्या हाक कशा मारतात ते ऐका. हाक मारताना माणूस नेमका आपल्या सुरात असतो."

नवा चिमटा त्यांनी मला विकलाच नाही. फक्त तारा विकल्या आणि त्याही मऊ बघून दिल्या. "शिकणाऱ्याने बारीक तारा लावाव्या, बोटं दुवा देतात," असं म्हणाल्या. हा तिसरा धडा.

घरी आल्यावर मी बाहेरच्या खोलीत कान टवकारून बसले. थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून आलं, "अहो, गॅस बंद करा!" मी जाड तारेपासून एकेक तार हळूच छेडत तो सूर शोधला. दुकानातल्या बाई खरं बोलल्या होत्या. ताईची हाक आणि चिमट्याशिवायच्या गाण्याची सुरुवात अगदी शेजारी शेजारी होत्या.

आता खरी पंचाईत पुढेच होती. चिमटा काढला की पहिली घरं चांगली रुंद असतात, बोटं फार लांबवावी लागतात. आठ महिने मी तिसऱ्या घराच्या पुढच्या आखूड जागेत वावरले होते. सगळे कॉर्ड बोबडे झाले. दुपारभर भाऊजी वर्तमानपत्रामागून "पुन्हा, पुन्हा" म्हणत राहिले. मी एक कॉर्ड लावायची, हात उचलायची, दुसरा लावायची. गाणं नाहीच, फक्त ये-जा. हे तुम्हीही करा. गाणं अडतं ते कॉर्डवर नाही, एका कॉर्डावरून दुसऱ्यावर जाताना. त्या दोन कॉर्डांची ये-जा रोज दहा मिनिटं करा, सावकाश, पायाने ठेका धरून. विणकरांचं बोलणं मनात धरून बोट पट्टीला चिकटवत गेले, आणि दिवेलागणीला तिन्ही कॉर्ड उभे राहिले.

सकाळी पुन्हा गच्ची, पुन्हा ऊन, पुन्हा कपडे. ताई माझ्याकडे बघतही नव्हती. मी लाल गाडी सुरू केली, अगदी हळू. पहिली ओळ नुसती वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा ताईचे हात दोरीवर थांबले.

"तू सूर खाली आणलास."

"हो."

"मला काय बहिरी समजलीस? पांढरी पाच आहे ही."

"हो ताई."

मला वाटलं, संपलं. बादली उचलून जाणार ही. तिने बादली उचललीही, पण पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "पांढरी पाचमध्ये मी कधी गायलेच नाही गं," ती म्हणाली. "कमीपणा वाटायचा." मग तिने घसा खाकरला आणि मी तिसऱ्यांदा ओळ वाजवली तेव्हा बरोबर गाण्यात आली.

"घाटात रुसली लाल गाडी" वर चढली आणि आवाज फाटला नाही. खरखरीत होता, जाड होता, आमच्या आईचा असायचा तसा. "दशमी द्यावी, चटणी द्यावी" ला माझा एक कॉर्ड चुकला. ताई म्हणाली, "थांबू नकोस, चूक झाली तरी ठेका सोडू नकोस," आणि गातच राहिली. तुमच्यासाठी शेवटचा धडा तोच, आणि तो ताईचा आहे. भाऊजी जिन्यात उभे होते. चहाचे कप हातात तसेच, चहा गार, डोळे भरलेले. आम्ही ते गाणं सात वेळा म्हटलं. शेजारच्या गच्चीवरची बाई पापड वाळत घालायचं सोडून कठड्याला टेकून ऐकत राहिली.

तिसऱ्या दिवशी निघाले. ताईने पेटीभर द्राक्षं दिली, भाऊजींनी चिवडा दिला. येताना गाडीत जागा नव्हती. गिटार पाठीला लावून मनमाडपर्यंत उभ्यानेच आले असते, पण एका बाईने सरकून जागा दिली आणि "मुलाची का?" असं विचारलं. ह्या वेळी मी हळू आवाजात, हसून सांगितलं, "माझी आणि माझ्या बहिणीची."

घरी आल्यावर लक्षात आलं की चिमटा नाशिकलाच राहिला. आठवड्याने ताईचा व्हिडिओ कॉल आला. मागे घाट दिसत होता, पायऱ्यांवर मंडळातल्या बायका बसल्या होत्या, वारा सुटला होता. तिने मला भजनाची वही दाखवली. वाऱ्याने पानं उलटू नयेत म्हणून तिला माझा चिमटा लावलेला होता.

"तुझं हे पाठवून देऊ का गं?" तिने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "कुठल्या सुरात चाललंय?"

"पांढरी पाच," ताई म्हणाली आणि मागे वळून तिने मंडळाला हाक मारली, "अगं, चला, सुरू करा!"