लांडगीचा पत्ता

चनमल्लप्पांना सोलापुरात सगळे लांडगेअण्णा म्हणतात, आणि त्यांना ते मनापासून आवडतं. घरचं भुसाराचं दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात घालून हा माणूस बावीस वर्षं माळरानं तुडवतोय आणि दर रविवारी पेपरात त्यावर लिहितोय. खोकड, चंडोल, ससा, नुसतं गवतसुद्धा. वाचणाऱ्याला बोटाला धरून तिथं नेऊन उभं करतात, अशी अण्णांची ख्याती. यंदा तीच अंगाशी आली.

टेंभुर्णीकडच्या एका माळावर लांडगीनं पाच पिल्लं घातली होती. लेखात अण्णांनी गावाचं नाव टाळलं. पण फाटा, चढापलीकडची मोडकी विहीर, तिच्यामागच्या तीन बोरी, हे सगळं लिहिलंच. लेख छापायला जाण्याआधी नेहमीसारखा मी वाचला होता. विहीर तरी लेखातून काढा, असं दोनदा म्हणालो होतो. ऐकतील तर अण्णा कसले!

रविवारी दहाला त्यांचा फोन आला. "अरे, माळावर गाड्या आल्यात म्हणे, कॅमेरे घेऊन. पिल्लं जाणार माझ्यापायी." सत्तरीचा माणूस रडत होता. मी चिडलो होतो, तरी मोटारसायकल काढलीच.

फाट्यावर मेंढरं घेऊन केराबाई उभी होती. तिच्याच कळपामागं फिरून अण्णांनी निम्मे लेख लिहिलेत. आज मात्र हेल्मेट घातलेले अण्णा माझ्या पाठीवर डोकं टेकून बसले होते, वाट दाखवायचंही त्यांना भान नव्हतं. मग हेल्मेट न काढताच मी विचारलं, "बाई, मोडकी विहीर कुठं आहे?"

"लई लांब हाय." तिनं काठी भलतीकडंच, साखर कारखान्याच्या धुराड्याकडं केली. "तिकडं जावा. समद्या गाड्या तिकडंच गेल्यात."

अण्णांनी हेल्मेट काढलं. केराबाईनं जीभ चावली. "अगं बया, अण्णा व्हय!"

अण्णा मटकन बांधावर बसले. "तुमची कोकरं नेते ना हो ती लांडगी?"

"नेती की. पोट भरलं की जाती. ही मान्सं दर आयतवारी येतील." मग ती खाली वाकून म्हणाली, "पाचीबी खुशाल हायती. पहाटंच आईनं तोंडात धरून दुसरीकडं नेली. चला, दावते."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. अण्णा तर डोळे पुसत हसायलाच लागले. असलं बोलावणं त्यांनी आजवर कधी सोडलं नव्हतं. ते अर्धे उठलेही. मग पुन्हा बसले.

"नको केराबाई, सांगू नका. मी लिहून बसेन."