आखाजीची गोफण

गावाचं नाव सांगत नाही. जळगावकडच्या असोद्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. तिथली माणसं हाताची गरम, आणि उगाच कुणी भांडायला दारात यायला नको. हे गाव नदीच्या या काठाला, त्या काठाला दुसरं. मधलं पाणी उन्हाळ्यात जेमतेम गुडघाभर. वर्षभर दोन्ही गावांत सोयरीक व्हायची, पंगती उठायच्या, एकमेकांच्या मयतीला माणसं जायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र बायका निंबाच्या झोक्यांवर गाणी म्हणत असायच्या आणि त्यांचे नवरे गोफणी घेऊन आपापल्या काठाला उतरून समोरच्यांची डोकी फोडत असायचे. कुणाचा दात जाई, कुणाचा कान. एका साली एक माणूस जागच्या जागी गेला, आणि पुढच्याच साली त्याच्या घरची मुलगी त्या काठाला नांदायला गेली. कारण नियमच तसा होता. आखाजीचा गोटा कुणाचा हे खाणाऱ्यानं विचारायचं नाही, मारणाऱ्यानं सांगायचं नाही. पोलिसात जाण्याची तर बातच नको.

अशा या गावात जीवराम पाटलाला दोन मुलगे, थोरला सुकदेव आणि धाकटा गिरधर. गोफणीत सुकदेवचा हात धरणारा दोन्ही काठांवर कुणी नव्हता. ज्वारी राखायला मचाणावर उभा राहिला की भोरड्यांचा थवा वळायच्या आत त्याचा गोफणगुंडा सुटलेला असे. नेम धरणं नाही, विचार करणं नाही. डोक्यावरून काही उडालं की हात गेलाच. बाकीचे लोक गोफणीत नदीतले गोटे घालत. या एका घरात मात्र त्यांची आई, शेवंताबाई, काळी माती मळून लिंबाएवढे गुंडे वळायची, वाळवायची आणि चुलीत भाजायची. भाजलेला गुंडा सरळ जातो. तसा काळा गुंडा दिसला की लोक ओळखायचे, हा जीवराम पाटलाच्या घरचा.

गिरधर जळगावला एका जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला होता. एके दिवशी गावाबाहेरच्या माळावर एक विमान बिघडून उतरलं. मोकळ्या बैठकीचं, दोन माणसांचं, कापड ताणलेल्या पंखांचं. दुरुस्तीला हात लावायला म्हणून गिरधरला बोलावलं आणि तो तिथंच वेडा झाला. घरी येऊन बापाला म्हणाला, मला हे चालवायला शिकायचं आहे, टपालाची आणि उतारूंची मोठी विमानं चालवायची आहेत. जीवरामनं आधी ऐकून घेतलं, मग बैलाचा चाबूक काढला. पाठीवर वळ उठेपर्यंत मारलं आणि दम लागल्यावर म्हणाला, "जमिनीवर तुले धड सरी काढता येत नही, वर जाऊन काय नांगरशीन?" गिरधर तशाच पाठीनं नशिराबादपर्यंत चालत गेला आणि पुढं मुंबई गाठली.

मुंबईला विमानं शिकवणाऱ्या क्लबात त्याला इंजिनं पुसायचं काम मिळालं. पगाराच्या बदल्यात तो उड्डाणाचे तास मागून घ्यायचा. शिकवणारा मास्तर गोरा, लढाईतून आलेला, तोंडाचा फाटका आणि हाताचा त्याहून. विमान उतरवताना चाक जरा आपटलं की पुढच्या बैठकीतून मागं वळून टोपीवर काठी हाणायचा. गिरधरला त्याचं काही वाटलं नाही, चाबकापुढं ती काठी म्हणजे लाडच. एकदा मात्र त्याच्याबरोबर शिकणारा एक सिंधी पोरगा त्याच्या डोळ्यांदेखत वळणावर विमानासकट खाली आला. पेट्रोल भडकलं. गिरधर आणि आणखी दोघांनी त्याला ओढून काढलं तेव्हा हातात कातडं आलं. तीन दिवस गिरधरला जेवण गेलं नाही, चौथ्या दिवशी तो पुन्हा विमानात बसला. भीती वाटत नव्हती असं नाही. पण वर गेल्यावर जे सुख होतं ते सोडवत नव्हतं.

आणि सुखच होतं ते. मास्तराबरोबर तो अमदाबादला गेला, कराचीपर्यंत जाऊन आला. कच्छच्या रणावरून जाताना खाली मीठ असं पसरलेलं, की मोठ्या घरच्या लग्नात अंगणभर धोतरं वाळत घातली असावीत. अमदाबादेत विमानतळाच्या कुंपणाशी बसून त्यानं गाठिया खाल्ले, कराचीत खजूर बांधून घेतला. प्रत्येक ठिकाणी उतरलं की तो आधी तिथली माती हातात घेऊन बघायचा. पाटलाचाच मुलगा, ती खोड जायची कशी. जग एवढं मोठं आहे आणि दुपारच्या जेवणाला एका मुलखात, रात्रीच्याला दुसऱ्या, याचं त्याला हसू यायचं. मास्तर म्हणायचा, हा गडी इंजिन सुरू असेपर्यंत लहान मुलासारखा हसतो.

आता उरला होता धंद्याचा परवाना. तो मिळाला की उतारूंच्या विमानावर नोकरी. त्यासाठी डोळे धडधाकट पाहिजेत, दरवर्षी डॉक्टर तपासत. म्हणून आदल्या आखाजीला गिरधर घरी आला तेव्हा गोफण न घेताच ओट्यावर बसून राहिला. "डोळ्याले काही झालं तं माझं सगळं जाईन," म्हणाला. झालं. सुकदेवनं सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात मारली. "मुंबईनं तुले बाई केलं रे." आणि जेवायला बसला तर वहिनी कुंदाबाईनं ताटात हिरव्या बांगड्या ठेवल्या. "भावजी, गोफन नही तं ह्या भरा." बाहेर लोक हसत होते, बापही हसत होता. गिरधर ताटावरून उठला आणि स्टेशनकडे निघाला. तो अपमान त्यानं वर्षभर गिळला, पण पचवला नाही.

पुढच्या साली परवान्यासाठी शेवटची परीक्षा लागली. एकट्यानं लांबचा पल्ला मारायचा. वाट ठरलेली होती: नाशिक, मग रेल्वेचे रूळ धरून चाळीसगाव, तिथून डावीकडे धुळं, आणि वर इंदूर. तारीख निघाली ती नेमकी आखाजीची.

चाळीसगावला धुळ्याचा फाटा डावीकडे फुटलेला त्याला स्वच्छ दिसला. हात डावीकडे वळायला हवा होता. तो वळला नाही. रूळ धरून तो सरळ जळगावकडे गेला. काय करायचं हे ठरलं होतं: नदीवर खाली यायचं, दोन्ही काठांना तोंड वर करून बघायला लावायचं, आणि निघून जायचं. ज्यांनी बांगड्या दिल्या त्यांनी मान दुखेपर्यंत वर बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

नदी दिसली. दोन्ही काठांवर माणसांची दाटी, मध्ये गोटे उडत होते. कुणाचं तरी पांढरं मुंडासं लालभडक झालेलं वरूनही दिसत होतं. गिरधरनं विमान खाली घेतलं, अजून खाली, निंबाच्या शेंड्याएवढं. आवाज ऐकून सगळा मारा थांबला आणि तोंडं वर झाली. त्याला आईचं लुगडं ओळखू आलं. तो हसला. तेवढीच परतफेड त्याला वर्षभर हवी होती.

आणि मग दोन्ही काठांच्या गोफणी फिरल्या. कुणी ठरवलं नाही, कुणी ओरडलं नाही. जन्मभर ज्यांनी डोक्यावरून उडणाऱ्यावर गोफण चालवली त्यांच्या डोक्यावरून एवढं मोठं पाखरू गेलं आणि हात गेले. दहावीस गोटे पंखांच्या कापडातून आरपार झाले. एक त्याच्या उडताना लावायच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बसला. काच डोळ्यात फुटली.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. तोंडात रक्ताची चव. एका हातानं डोळा दाबलेला, दुसऱ्या हातानं विमान वळवायचा दांडा धरलेला. समोर कापूस निघून गेलेलं रिकामं वावर. चाकं टेकली, पण वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका भेगेत चाक गेलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. छाती दांड्यावर आदळून दोन बरगड्या मोडल्या. मांडीवर काहीतरी गरम, जड पडलं होतं. त्यानं मूठ आवळली तर हातात भाजलेला काळा गुंडा.

दोन्ही काठांची माणसं धावत आली. सगळ्यात पुढं सुकदेव, गोफण अजून मनगटाला. त्यानंच कमरेचा विळा काढून पट्टे कापले आणि गिरधरला खांद्यावर घेतलं. गिरधरनं विचारलं, "कोनाचा व्हता?"

सुकदेवचा चेहरा पांढरा पडला. "आखाजीचा गोटा हाये," तो म्हणाला. "इचारू नको."

डोळा काढावा लागला. क्लबानं त्याला काढून टाकलं, वाट सोडून विमान मोडल्यावर दुसरं काय करणार. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं की एका डोळ्याला अंतर कळत नाही, जमीन वीस हात खाली आहे की दोन हात हे तुला समजणार नाही, विमान विसर. गिरधर विसरला नाही. विलायतेत एका डोळ्याचा माणूस विमान चालवतो असं त्यानं ऐकलं होतं. वर्षभरानं पुन्हा तपासा, म्हणाला. डॉक्टर बरं म्हणाले, मनात काही नसताना. त्या एका 'बरं'वर तो गावी येऊन राहिला. ओतताना पाणी तांब्याच्या बाहेर पडायचं, तर म्हणायचा हात हलला. पायरी चुकायची, तर म्हणायचा ऊन डोळ्यावर आलं.

तो काळा गुंडा त्यानं घरातल्या कोनाड्यात ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. सुकदेवनं गोफण माळ्यावर टाकली ती टाकलीच; त्या साली भोरड्यांनी अर्धी ज्वारी खाल्ली तरी तो मचाणावर चढला नाही. शेवंताबाईनं माती मळायचं सोडलं. एकदा एकटीच कोनाड्यासमोर उभी राहून म्हणाली, "मीनंच मयला व्हता तो." गिरधरनं ऐकलं आणि मान फिरवली. त्याला आईची कीव आली नाही. भावाची तर नाहीच. आतून तो नुसता जळत होता, आणि भावाबरोबर एका पंगतीला बसून भाकर खात होता.

आखाजी आली. गिरधरनं कोनाड्यातला गुंडा घेतला, माळ्यावरची सुकदेवचीच गोफण काढली आणि नदी ओलांडून समोरच्या काठाला जाऊन उभा राहिला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. त्या काठाच्या लोकांनी त्याला वाट दिली. दोन्हीकडच्या गोफणी थांबल्या. झोक्यांवरची गाणी थांबली.

सुकदेव गर्दीतून पुढं आला. डोक्याला मार लागू नये म्हणून कपाळावरून घट्ट बांधलेलं मुंडासं त्यानं सोडून खाली टाकलं. पाण्याच्या कडेला उघड्या डोक्यानं उभा राहिला.

"मार," तो म्हणाला. "मी हलत नही." आणि डोळे मिटले.

मागून शेवंताबाई धावली, तिला बायकांनी धरलं. जीवराम मटकन खाली बसला.

गिरधरनं गोफण फिरवली. भावाच्या डाव्या डोळ्यावर नेम धरला. दया नाही, माया नाही. एवढं एकच काम नीट करायचं होतं. लहानपणी याच भावानं शिकवलेला हात, सत्तर पावलांवरचं मडकं फोडणारा. दोरी वाजली आणि गुंडा सुटला.

नदीच्या मधोमध पाण्यात पडला. काठाजवळसुद्धा नाही, पार अलीकडे, अंदाज चुकलेल्या पोराचा पडावा तसा.

गिरधर त्या जागेकडे बघत राहिला. पाणी हललं आणि पुन्हा शांत झालं. डॉक्टरनं वर्षापूर्वी काय सांगितलं होतं ते त्याला त्या क्षणी कळलं. भाऊ जिथं उभा दिसत होता तिथं तो नव्हताच. जमीनही अशीच जिथं दिसेल तिथं नसणार. कराची गेली, अमदाबाद गेलं, उतारूंची विमानं गेली. एवढे दिवस जे धरून ठेवलं होतं ते सगळं गेलं. गोफण हातातून गळाली आणि तो वाळूत बसून मोठ्यानं रडायला लागला.

मग एक म्हातारा म्हणाला, "सोडलं त्यानं. भावाले सोडलं." बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. सुकदेव पाण्यातून पडत झडत पळत आला आणि त्यानं गिरधरला गच्च मिठी मारली. "तू मले मारलं नही," तो म्हणत होता. "तुह्या हातात असून मले मारलं नही रे."

त्यानंतर त्या नदीवर गोफणी चालल्या नाहीत. गिरधर पाटील पुढं विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत पंचक्रोशीत फिरला. जिथं जाईल तिथं लोक पोराबाळांना त्याच्या पायावर घालत, असा मनाचा मोठा माणूस म्हणून. सुकदेव तर मरेपर्यंत त्याच्या ताटात आपल्या हातानं तूप वाढायचा.

त्या दिवशी वाळूत भावाच्या मिठीत गिरधरनं एकदा तोंड उघडलं होतं. नेम डोळ्यावरच धरला होता, हे ओठांवर आलं होतं. पण आखाजीला मारणाऱ्यानं सांगायचं नसतं. त्यानंही सांगितलं नाही.