निघतानाची ओटी

आमची आजी कुठल्याही गावाला जायची ती तिथली नदी बघायला आणि निघायची ती नदीची ओटी भरून. देऊळ, किल्ला, नवाबाची हवेली, यांतलं काही बघायचं राहिलं तर तिला त्याचं काहीच वाटत नसे. नदी राहिली तर मात्र परतीच्या बसमध्ये ती मांडीवरच्या पिशवीवर बोटं वाजवत गप्प बसायची. "एखाद्याच्या घरी जाऊन घरच्या बाईला न भेटता आल्यासारखं वाटतंय रे," म्हणायची.

त्या पिशवीत खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी कायम तयार असे. आमच्या लखनौत नारळ मिळतो, खण मिळत नाही. त्यामुळे छावणीतल्या मराठी फौजींच्या बायका सुट्टीवर निघाल्या की आजीचा निरोप ठरलेला: "येताना चिवडा-लाडू नकोत, खण आणा." खण ती पाण्यात सोडत नसे. पाण्याला टेकवायची आणि काठावर जी कोणी बाई-मुलगी दिसेल तिच्या हातात द्यायची. नदीला कपडे कशाला, नदीला लेकी आहेत, असं तिचं म्हणणं.

आणि ओटी भरायची ती निघताना. पोचल्या पोचल्या नाही. देवीची तर गेल्या गेल्या भरतात, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाली, "आल्या आल्या भरली की नदीला वाटतं, झालं हिचं काम, आता ही चालती होणार. निघताना भरली की ती विचारते, परत कधी? कोणीतरी असं विचारावं म्हणून तर माणसानं जायचं असतं कुठं."

छावणीतल्या एका बाईंना हे खटकलं. त्या चाचरत म्हणाल्या, "आजी, तुम्ही कशी काय भरता ओटी? म्हणजे, आजोबा नाहीत ना..." आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नदीला तिचा नवरा कोणी विचारत नाही. मग ती माझा कशाला विचारील?" त्या बाई पुढच्या खेपेला तिच्यासाठी दोन खण घेऊन आल्या.

आजोबा गेल्यावर बाबांनी तिला साताऱ्याहून लखनौला आणलं होतं. बाबा हवाई दलात होते, घर सरोजिनी नगरमध्ये. माझा जन्म नंतरचा. शाळेला सुट्टी असली की आजी मला घेऊन आलमबागच्या बसस्थानकावर जायची. कुठली बस, कुठलं गाव, हे ठरलेलं नसे. ती एकेका बसपाशी जाऊन कंडक्टरला विचारायची, "भैया, रस्ते में नदी लगती है क्या?" कोणी हो म्हटलं की आम्ही आत. सई, शारदा, घाघरा, राप्ती, बेतवा. उत्तर प्रदेशाचा नकाशा मी शाळेत शिकलो नाही. मला जिल्ह्यांची नावं आजही नदीवरून आठवतात आणि नदी आठवली की दशमी आणि लसणाच्या चटणीचा वास येतो.

एकदा गोरखपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये तिनं कंडक्टरला सांगितलं, "पूल के पास जरा रोकना. हमको गोद भरनी है." ओटीला हिंदीत दुसरं काय म्हणायचं, तिला सुचलं नव्हतं. पण तिकडे गोदभराई म्हणजे डोहाळजेवण. कंडक्टर म्हणाला, "किसकी गोदभराई है, माताजी?"

"नदी की."

"अच्छा! कौन-सा महीना चल रहा है?"

सगळी बस हसली. मी भांडायला उठलो. मी तेव्हाही तसाच होतो, म्हणून तर आजी मला लवंगी म्हणायची, लवंगी मिरची. तिनं माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. मागच्या सीटवर एक म्हातारी होती, नाकात मोठी फुली. ती पुढं वाकून म्हणाली, "अरे हँसते क्या हो? ये खोइँछा की बात कर रही हैं. बेटी बिदा होती है तब आँचल में चावल-हल्दी नहीं डालते?" आजी गर्रकन मागं वळली. "हाँ, हाँ, वही! बिदा होती है तब!" दोघींनी एकमेकींचे हात धरले ते पुलापर्यंत सोडले नाहीत. तिथं उतरण्याजोगं काही नव्हतं, तरी कंडक्टरनं बस थांबवली. आजीनं त्या म्हातारीला बरोबर घेऊन ओटी भरली आणि खण तिलाच दिला.

नारळ घेताना मात्र हीच आजी वेगळी व्हायची. घासाघीस कशी करायची ते मी तिच्याकडून शिकलो आणि त्यावर आज माझं घर चालतं. भाव जमेना की ती उठायची आणि चालायला लागायची. मी मागं बघायला लागलो की कोपरानं ढोसायची. "मान वळवायची नाही, लवंगी. त्यानं हाक मारायला हवी. आपण वळलो की संपलं." आणि हाक यायचीच. "ओ माताजी! अरे, ले जाइए!"

पुढं मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवता चालवता स्वतःच्या घेतल्या. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना अयोध्या, प्रयाग, नैमिषारण्य करून आणणं हा माझा धंदा. प्रत्येक पुलाआधी मी गाडी थांबवतो. "इथं काय आहे बघायला?" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाईक नसलं की मी एकटा बाहेर पडतो. तुंगभद्रेपासून तिस्तेपर्यंत गेलोय, आणि अजूनही नवं गाव म्हटलं की आधी विचारतो, नदी कुठली?

पण आजी माझ्या गाडीत बसत नसे. ज्या बाईनं मला हे वेड लावलं ती माझ्या डोळ्यांदेखत सरकारी रोडवेजच्या खटारा बसमध्ये चढायची. "तुझ्या काचा बंद असतात. नदी आलेली कळत नाही." मी म्हटलं, उघडतो काचा. तर म्हणे, "मग तुझं एसी कशाला?" तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळत नसे. इतक्या नद्या झाल्या, पण आमच्या लखनौच्या गोमतीची ओटी तिनं कधी भरली नाही. नैमिषारण्यालाही गोमतीच आहे, तिथंही नाही. का नाही, असं विचारलं की म्हणायची, "मी कुठं निघालेय?"

आई-बाबा गेल्यावर तिचं सगळं मी पाहिलं. मोतीबिंदू, गुडघे, दात, सगळं. साताऱ्याचे चुलत काका वर्षातून एकदा फोन करायचे. माझी मुलगी तिच्या मांडीवर वाढली. आजी तिच्याशी मराठीत बोलायची, पोरगी हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नाही.

मग काका-काकू अयोध्येला म्हणून आले. मीच त्यांना फिरवून आणलं. परत आल्यावर एका सकाळी आजी पिशवी घेऊन दारात उभी. "लवंगी, मला कुडिया घाटावर ने. तुझ्या गाडीनं." मला इतका आनंद झाला की मी काचा उघडून, एसी बंद करून गाडी काढली. घाटावर ती पायरीवर बसली. पिशवीतून खण काढला, नारळ काढला आणि गोमतीची ओटी भरली. मी बघत राहिलो. नियम मला पाठ होता. पण आम्ही कुठं निघालेलोच नव्हतो, तर ही ओटी कशाची? गाडीत बसल्यावर म्हणाली, "परवा मी तुझ्या काका-काकूंबरोबर साताऱ्याला जाते."

मला वाटलं, चार दिवसांसाठी. तर नाही, तिनं ट्रंक भरायला काढली होती.

"तिथं काय आहे तुझं?"

"काम आहे."

"काय काम?"

"तिथून नीट निघायचं राहिलंय माझं."

"निघायला म्हणून कोणी जातं का? निघायचंच असेल तर इथंच बस की! आपोआप निघाल्यासारखंच झालं!"

ती हसली. मी तोडगे काढले. सहा महिने इथं, सहा महिने तिथं. नको. थंडी साताऱ्याला, उन्हाळा आमच्याकडे. "लखनौच्या उन्हाळ्यात मला बोलावतोस? कच्चा आहेस अजून." मी काकांवर ओरडलो. काका म्हणाले, "मी काही म्हटलं नाही रे, तिचं तीच म्हणाली." हे मला जास्त लागलं.

चारबाग स्टेशनवर मी तिला डब्यात खिडकीपाशी बसवलं, पाया पडलो आणि उतरून चालायला लागलो. मान वळवली नाही. ती हाक मारील याची मला खात्री होती. ज्या बाईनं ही युक्ती शिकवली तिला कळायला नको, मी कशासाठी चाललोय? गाडी हलली, सगळे डबे माझ्या बाजूनं निघून गेले, हाक आली नाही.

फोनवर मी दर खेपेला विचारायचो, कधी येतेस? "काम झालं की." मुलगी शेजारून विचारायची, "पणजी कब आएगी?" मी तिच्यावर खेकसायचो.

ती तिकडेच गेली. झोपेत, काही न होता. मी विमानानं पुण्याला आणि तिथून साताऱ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी संगम माहुलीला कृष्णेत अस्थी सोडल्या. मी काकांशी बोललो नाही. विधी संपेपर्यंत दात आवळून राहिलो आणि निघायच्या दिवशी सकाळी काकूंना विचारलं, "काकू, खरं सांगा. मी काय कमी केलं होतं? ती इथं का आली?"

काकू आत गेल्या आणि आजीची पिशवी घेऊन आल्या. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ वाळून खुळखुळत होता.

"भाऊजी त्यांना लखनौला घेऊन चालले होते ना, तेव्हाची गोष्ट," काकू म्हणाल्या. "कृष्णेची ओटी भरून निघू म्हणाल्या. माहेरी जातानासुद्धा भरून जायच्या म्हणे. ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या, आणि आमच्या सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या जावेनं, ताट हातातून काढून घेतलं. आता तुला हे नाही, म्हणाल्या. मला हे सासूबाईंनीच सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. तशाच निघाल्या या. ओटी न भरता."

"मग इथं आल्या आल्या का नाही भरली? आता कोण अडवणार होतं?"

"मीही तेच म्हणायचे. चला, आज जाऊ संगमावर. तर म्हणायच्या, आत्ता नाही, निघताना."

मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो.  म्हणजे ती इथून निघणारच होती. पण कुठं? लखनौला, माझ्याकडे? की सगळे जातात तिकडे? तसं असतं तर मग नारळ कशाला आणून ठेवला? आणि माझ्याकडेच यायचं होतं तर फोनवर एकदा सांगायला काय झालं होतं? मी इतका वेळ तिच्यावर जो राग धरून बसलो होतो तो कोणाच्या नावावर टाकायचा, तेही कळेना. तो राग सोडावा असंही वाटेना. आजही तो पुरता सुटलेला नाही.

नवा नारळ घेतला. सांगितला त्या भावाला घेतला, ही माझ्या हातून झालेली पहिली तसली खरेदी. संगमावर काका-काकू बरोबर होते. मी पाण्यात उतरून तांदूळ ओंजळीत घेतले, तेव्हा काका हळूच म्हणाले, "अरे, पुरुष ओटी भरत नाहीत."

"बाई भरायला निघाली होती तेव्हा तिच्या हातातलं ताट काढून घेतलं ना?" मी म्हटलं. "मग आता पुरुष भरेल."

 ताट काढून घेतलं तेव्हा काका शाळकरी होते हे मला ठाऊक होतं, पण कोणावर तरी ओरडणं भाग होतं. तांदूळ सोडले, हळकुंड, सुपारी, नारळ सोडला. कृष्णेला कमी पाणी होतं. नारळ दगडाला अडला, फिरला आणि मग गेला. खण पाण्याला टेकवला. काठावर बघितलं तर दुसरं कोणी नव्हतं, काकूच उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेतलेल्या. ज्या घरावर मी इतके दिवस जळत होतो, त्याच घरची बाई. मी खण त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांना लावला.

मग मी पायऱ्या चढायला लागलो. वर टॅक्सी उभी होती. सवयीप्रमाणे ताठ, मान न वळवता. या गावाशी माझा काही संबंध उरलेला नाही, हे मी येतानाच ठरवलं होतं.

खालून काकूंची हाक आली.

"अरे लवंगी, परत कधी?"

मी मान वळवली.